पार्किंगला इपॉक्सी मारू का? आधी खालचा कोबा काय म्हणतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला बंगला, पुढे १२ बाय १८ फुटांचं पार्किंग, वर स्लॅब आहे पण दोन बाजू उघड्या, आठ वर्षांपूर्वीचा सिमेंटचा कोबा, त्याची भुकटी निघते, रोज झाडलं तरी चप्पल पांढरी होते आणि ती धूळ घरात येते. एक कार, दोन स्कूटर, घरात आजी आहेत आणि त्यांचा जायचा यायचा रस्ता तिथूनच. व्हिडिओत चकचकीत इपॉक्सी (रेजिन आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून फरशीवर मारायचा कोट) बघितलं आणि दिवाळीआधी ते करून घ्यायचंय. एका पेंटरने 'चार कोट मारून देतो, काचेसारखं होईल' असं सांगितलंय.

मी फ्लोअरिंगच्या कामात २२ वर्षं आहे, बहुतेक एमआयडीसीतल्या कंपन्यांचं काम, मधेमधे ओळखीतल्यांचे बंगले. सरळ सांगतो, तुमच्या जागेला मी इपॉक्सी मारणार नाही. निदान आत्ता नाही. का ते नीट सांगतो, कारण नुसतं नाही म्हटलं की लोक दुसरा पेंटर शोधतात.

पहिल्यांदा एक गैरसमज. सगळ्यांना वाटतं गाडीच्या वजनाने फरशी खराब होते. तसं नसतं. साधी हॅचबॅक हजार किलोच्या आसपास, मोठी एसयूव्ही दोन टनांपर्यंत, ते वजन चार चाकांवर वाटलं जातं आणि टायरमधे हवा ३२-३३ पीएसआय म्हणजे जमिनीवर दाब पडतो चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलो. एम २० म्हणजे घराच्या कामातलं नेहमीचं काँक्रीट त्याच जागेत २०० किलोच्या पुढे सोसतं. मग फरशीची वाट कशाने लागते? एक, गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग वळवणं, त्यात टायर सँडपेपरसारखा घासतो, चाकात अडकलेली खडी असेल तर विचारूच नका. दोन, स्कूटरचा साइड स्टँड. हे ऐकून लोक हसतात पण शंभर किलोच्या स्कूटरचा काही भार बोटाएवढ्या लोखंडावर येतो आणि ते लोखंड रोज त्याच जागी टेकतं. तीन, जॅक. आणि चार, सगळ्यात मोठं, खालून येणारी ओल. पहिल्या तीन गोष्टींनी ओरखडे पडतात, चौथी अख्खा कोटच उचलते.

माझी स्वतःचीच फजिती सांगतो. धंद्यात नवीन होतो, कोल्हापूरकडे एका बंगल्याच्या पोर्चला एप्रिलमधे इपॉक्सी केलं. कोबा खडखडीत कोरडा दिसत होता, हात लावला तर गरम. काम झालं एक नंबर, मालकाने पाहुण्यांना बोलावून दाखवलं. जूनचा पाऊस लागला आणि जुलैत फोन आला, फरशीला फोड आलेत. गेलो तर खरंच, चण्याएवढे, काही लिंबाएवढे फोड. एक सुईने फोडला तर आतून चिकट पाणी आलं. जमीन भिजली, पाणी कोब्यातून वर चढलं, वरती इपॉक्सीचं झाकण, बाहेर पडायला वाट नाही, मग ते झाकणच उचलतं. सगळं खरवडून काढलं, पैसे परत दिले, आणि त्या दिवसापासून उन्हाळ्यात केलेल्या ओलीच्या टेस्टवर माझा विश्वास उरलेला नाही.

म्हणून तुमचा प्रश्न आत्ता आलाय हे चांगलंच झालं, श्रावण चालू आहे, जमीन पोटभर पाणी प्यायलेली आहे. आज एवढंच करा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, कोबा झाडून पुसून त्यावर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, कुठेही हवा जायला नको. कमीत कमी १६ तास ठेवायचं, मी पूर्ण दिवस ठेवतो. असे तीन तुकडे लावा, एक भिंतीलगत, एक मध्यावर, एक जिथे स्कूटर उभ्या असतात तिथे. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट झाला असेल तर खालून ओल येतेय. मग इपॉक्सी विसरा, कुठल्याही कंपनीचं असो. ओल अडवणारे प्रायमर मिळतात, पण घरच्या कामात ते थर नीट बसवणारा माणूस मिळणं अवघड, आणि त्या खर्चात तुमचं दुसरं काहीतरी धड होईल.

दुसरी टेस्ट, काही ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. लगेच शोषले तर कोबा उघडा आहे. मोत्यासारखे वर बसून राहिले तर तिथे ऑइल मुरलंय किंवा कुणीतरी आधी काहीतरी मारलंय, त्यावर काहीच चिकटत नाही. तिसरी, हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत सगळी जागा फिरा. भरीव आवाज आला तर ठीक, बदबद आवाज आला तर वरचा थर खालच्यापासून सुटलाय. चौथी, रुपयाच्या नाण्याने जोरात ओरखडा काढा. पांढरी रेघ येऊन थांबलं तर बरं, नाणं आत रुतत गेलं आणि पीठ निघत राहिलं तर वरचे काही मिलिमीटर मेलेले आहेत.

ही भुकटी येते कुठून तेही ऐका, कारण ते कळलं नाही तर नवीन कामातही तीच चूक होणार. आपल्याकडे मिस्त्री काँक्रीटमधे पाणी जास्त घालतात म्हणजे पसरायला सोपं. मग ते पाणी वर तरंगतं. ते सुकेपर्यंत थांबायला वेळ नसतो, म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरवतात आणि थापीने घोटाई करून चकाचक करतात. मालक खूश, एकदम आरसा. पण तो वरचा थर म्हणजे नुसतं जास्त पाण्याचं सिमेंट, त्यात ताकद काही नाही, वर पाणी मारायचं दोन दिवसात बंद. वर्षभरात बारीक जाळीसारख्या भेगा आणि मग भुकटी. तुमचा कोबा आठ वर्षं टिकला म्हणजे मिस्त्री तसा बराच होता.

आता या मेलेल्या थरावर पेंटर चार कोट मारणार. कोट चिकटेल भुकटीला आणि भुकटी कोब्याला चिकटलेलीच नाहीये. वर 'ॲसिडने धुऊन घेतो' म्हणतात. ॲसिड वरचं थोडं सिमेंट खातं हे खरं, पण आधीच ओल्या जागेत अजून पाणी घातलं, नीट धुतलं नाही तर क्षार आतच राहिले, आणि तेलकट जागेवर ॲसिड काहीच करत नाही. इपॉक्सी करायचंच असेल तर डायमंडच्या ग्राइंडरने घासायचं, व्हॅक्यूम लावून, खालची वाळू-ग्रिट दिसेपर्यंत. जो माणूस ग्राइंडर आणत नाही त्याला गेटवरूनच चहा पाजून परत पाठवा.

आणि 'चार कोट' हे माप नसतं हो. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की थर होतो एक मिलिमीटर. तुमची जागा २१६ चौरस फूट म्हणजे २० चौरस मीटर. दोन मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट होणारं इपॉक्सी, पाहिजे तर ४० लिटर माल लागणार, प्रायमर वेगळा. ३०० मायक्रॉन, म्हणजे ०.३ मिलिमीटर, रोलरने मारायचं तरी ६ लिटर, आणि तेही मालात थिनर नसेल तर. अर्धा थिनर असेल तर तो उडून जातो आणि हातात उरतं १५० मायक्रॉन, म्हणजे जाडसर कागदाएवढं. पेंटरला विचारा किती लिटर आणणार आणि त्यात सॉलिड, म्हणजे वाळल्यावर उरणारा माल, किती टक्के. तो डोकं खाजवायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं. त्या कागदावर रोज साइड स्टँड टेकणार आहे.

अजून एक प्रकार, हा बघितल्याशिवाय कुणी मानत नाही. मे महिन्यात एक्स्प्रेसवेवरून दोन-अडीच तास पळवून आणलेली गाडी घरी लावली, टायर भाजतायत, सकाळी गाडी काढली तर चार चाकांच्या जागी चार पोपडे टायरला चिकटून आले. गरम टायरमुळे पातळ कोट मऊ पडतो, टायरमधले तेलकट घटक त्यात उतरतात, रात्री टायर थंड होऊन आकसतो आणि कोट ओढतो. पातळ रोलर कोटला हे हमखास होतं, चांगल्या घासलेल्या कोब्यावर जाड थर असेल आणि वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) टॉप कोट असेल तर सहसा होत नाही. ते एका डब्यातले फ्लोअर पेंट तर या दिवाळीला मारले की पुढच्या दिवाळीला परत मारायचे, एवढंच त्यांचं आयुष्य.

मग व्हिडिओत कसं टिकतं? माझा भाचा अमेरिकेत आहे, तोही मला हेच व्हिडिओ पाठवतो. तिकडचं गॅरेज चारही बाजूंनी बंद, शटर पाडलं की आत ऊनपाऊस नाही. स्लॅबखाली बऱ्याचदा प्लॅस्टिक घातलेलं असतं. त्यांचा प्रॉब्लेम वेगळा, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते टायरबरोबर आत येतं आणि काँक्रीट खातं, म्हणून त्यांना वर सील लागतं, आणि हल्ली तिकडे इपॉक्सीवर पॉलिअस्पार्टिक मारतात जे काही तासांत वाळतं आणि उन्हाने पिवळं पडत नाही. आपलं पोर्च उघडं, तिरकं ऊन दुपारभर आत येतं आणि इपॉक्सी उन्हात पिवळं पडतंच, पांढरट किंवा फिकट राखाडी रंग घेतला असेल तर सहा महिन्यांतच उन्हाची आणि सावलीची सीमारेषा फरशीवर दिसायला लागते. आणि पावसाळ्यात ओलं इपॉक्सी म्हणजे आजींसाठी बर्फच. वर बारीक क्वार्ट्झ वाळू टाकून खरखरीत करता येतं, पण मग ते व्हिडिओसारखं चकचकीत राहत नाही, ज्याच्यासाठी तुम्ही ते करताय.

आता तुम्ही काय करायचं. टेस्टवर अवलंबून आहे.

कोबा भरीव वाजतोय, भेगा मोठ्या नाहीत, फक्त भुकटी आहे, असं असेल तर तोडायची गरज नाही. ग्राइंडरने वरचा मेलेला थर काढा, भेगा भरा आणि डेन्सिफायर मारा, लिथियम सिलिकेटवाला मिळाला तर उत्तम. हा रंग नाही, पाण्यासारखा असतो, कोब्यात मुरतो आणि सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन आतच कडक पदार्थ तयार होतो, भुकटी बसते. वर पापुद्रा नसल्यामुळे उचलायला काही नाही आणि ओल आपल्या वाटेने येऊन उडून जाते. दिसायला कोबा कोबाच राहणार, ग्राइंडिंगमुळे खडीचे ठिपके थोडे दिसतील, मला ते आवडतं, तुमच्या घरच्यांना आवडेल का माहीत नाही. ऑइल सांडलं आणि तसंच ठेवलं तर डाग पडणार, ते डेन्सिफायर थांबवत नाही. पण बऱ्याच बंगल्यांना मी हेच सांगतो आणि यात माझा धंदा सगळ्यात कमी होतो.

कोबा पोकळ वाजतोय किंवा रुपयाचं नाणं रुततंय, तर दोन रस्ते.

एक, तोडून नवीन काँक्रीट. नाशिकला बऱ्याच भागात काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून वरचं काम करण्याआधी खालची माती काढून मुरूम भरून धुम्मस मारा, मग नऊ इंच सोलिंग (दगड रचून केलेला थर), त्यावर २५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक आणि मग चार इंच एम २० जाळी टाकून. हे प्लॅस्टिक अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त आणि तेच लोक गाळतात. प्लॅस्टिक घातलं असतं तर मला कोल्हापूरचे पैसे परत द्यावे लागले नसते. ट्रायमिक्स करा असं कुणी सांगेल, ते चांगलंच असतं, व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतात आणि मशिनने घोटाई करतात, पण २०० फुटांसाठी ती टोळी मशिनी घेऊन येत नाही, आली तर गाडीभाडंच जास्त. शेजारच्या दोन-तीन बंगल्यांचं एकत्र काढलं तर जमतं. नाहीतर पाणी कमी ठेवून काँक्रीट करा, वर आलेलं पाणी जाऊ द्या आणि कोरड्या सिमेंटऐवजी नॉन मेटॅलिक फ्लोअर हार्डनर टाका, चौरस मीटरला तीन ते पाच किलो, म्हणजे तुम्हाला ६० ते १०० किलो. यात कठीण ग्रिट असते, स्टँड आणि टायर दोन्हीला पुरून उरते. दुसऱ्या दिवशी कटरने गाळे पाडा, लांबीत एक आणि रुंदीत एक, म्हणजे सहा बाय नऊचे चार तुकडे, खोली एक इंच तरी. काँक्रीटला तडा जायचाच असतो, आपण त्याला सरळ रेषेत जायला सांगतो इतकंच. आळी करून किमान सात दिवस पाणी भरून ठेवा, जमलं तर चौदा. तेवढे दिवस कार रस्त्यावर.

उतार विसरू नका. गेटकडे ८० ते १०० ला एक, म्हणजे १८ फुटांत सव्वादोन ते पावणेतीन इंच. पावसात गाडी आत आली की तिच्या अंगावरून बादलीभर पाणी गळतं आणि उतार नसेल तर ते तुमच्या उंबऱ्याशी जमतं.

दुसरा रस्ता टाइल, आणि घरात बायकामंडळींचं मत घेतलं तर हाच निघेल, धुवायला सोपी. पार्किंग टाइल म्हणूनच मिळते, गुजरातमधल्या मोरबीचा माल, १२ ते १६ मिलिमीटर जाड, मॅट. व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारखी घट्ट केलेली) असेल तर पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पिते म्हणून ऑइल लगेच पुसलं तर डाग राहत नाही. घरात उरलेली आठ-दहा मिलिमीटरची चकचकीत टाइल पार्किंगला लावायची हौस करू नका. पण टाइल कुठली यापेक्षा ती बसवली कशी हे महत्त्वाचं. गवंडी चार कोपऱ्यांना आणि मधे एक असे मालाचे गोळे ठेवतो आणि वरून दाबतो, खाली पोकळी, घरात चालतं, पार्किंगमधे चाक पोकळीवर आलं की टाइल गेली. दात्यांच्या थापीने ॲडहेसिव्ह पूर्ण पसरायला लावा, टाइलच्या मागेही चोळायला लावा, आणि पहिल्या दोन टाइल बसवल्या की एक उचलून बघा, मागची बाजू पूर्ण भरलेली पाहिजे. गवंडी चिडेल, चिडू दे. सांधे तीन मिलिमीटर, ते भरायला इपॉक्सी ग्राउट, इथे इपॉक्सी वापरा खुशाल. आणि पोकळ कोब्यावर टाइल लावू नका, 'कोबा तसाच ठेवून वरून लावतो, उंचीही वाढेल' असं सांगणारे खूप, पोकळ ते पोकळच राहतं, वर गेटही घासायला लागतं. आणखी एक, टाइलवर खोल नक्षी घेऊ नका, त्यात धूळ आणि शेवाळ बसतं, साधी खरखरीत घ्या.

बाकीचे पर्याय भरभर. शहाबादी आपल्या लोकांची जुनी आवड, मलाही आवडते, रफ शहाबादी दीड इंची घेतली आणि खाली माल भरून बसवली तर वर्षानुवर्षं चालते, एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. पण पाणी आणि तेल पिते आणि हलका माल असेल तर पापुद्रे सुटतात. कोटा घेतला तर मशिन कट, पॉलिश न केलेला, कारण पॉलिश कोटा ओला झाला की आजी काय, मीच घसरेन. दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळे बॅटरीचं ॲसिड सांडलं किंवा बाथरूमचं ॲसिड घेऊन कुणी डाग काढायला बसलं तर दगड तिथेच करपतो, ही चूक मी दर वर्षी कुठे ना कुठे बघतो. पेव्हर ब्लॉक उघड्या अंगणात छान, कारला ६० मिलिमीटर पुरतात, पण वरती छत असलेल्या जागी सांध्यातून मुंग्या वाळू उकरून काढतात आणि घरात येते ती वाळू, म्हणजे भुकटी गेली आणि वाळू आली. पीव्हीसीच्या एकमेकात अडकणाऱ्या टाइल भाड्याच्या घरात ठीक, सोडून नेता येतात, पण ओल येणाऱ्या कोब्यावर त्यांच्याखाली पाणी साठतं आणि गोम-झुरळांची सोय होते.

आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या, तिन्ही प्लॅस्टिक कोरडी निघाली, दोन उघड्या बाजूंना तुम्ही शटर किंवा जाळी-पडदे लावणार असाल आणि इपॉक्सीचा हट्टच असेल, तर करा, पण दिवाळीआधी घाईने नको. पाऊस पूर्ण थांबू दे, थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, हवा कोरडी असताना, दिवसा. घासणं, प्रायमर, भेगा भरणं, मग दोन मिलिमीटरचा थर क्वार्ट्झ टाकून, वर पीयू टॉप कोट मध्यम राखाडी. रेजिन आणि हार्डनरचे डबे पूर्णच्या पूर्ण एकत्र करायचे, अंदाजे अर्धे अर्धे नाही, आणि मिसळलेला माल बादलीत ठेवून चहाला जायचं नाही, बादलीतच तापून दगड होतो. पायी चालायला एक दिवस, कारला सात दिवस.

रेट इथे मुद्दाम लिहीत नाही, गावोगाव फरक आहे आणि सहा महिन्यांत शिळे होतात. पण क्रम साधारण असा पडतो, घासून डेन्सिफायर सगळ्यात स्वस्त, मग टाइल, मग धड केलेलं इपॉक्सी, आणि तोडून नवीन काँक्रीट करायचं तर खालच्या भरावावर सगळं अवलंबून.

काहीही केलं तरी साइड स्टँडखाली ठेवायला एक जाड रबराचा किंवा लाकडाचा तुकडा स्कूटरच्या जागी कायम ठेवा, आणि जॅकखाली फळी. प्लॅस्टिक आजच रात्री लावा, पाऊस चालू असतानाच. उद्या काढताना तिन्ही तुकड्यांचे फोटो काढा आणि कुठला तुकडा कुठल्या जागेचा ते लिहून पाठवा, भिंतीलगतचा एकटाच ओला असेल तर ओल जमिनीची नसून तुमच्या बाहेरच्या नळाची किंवा कुंड्यांची असू शकते, मग गोष्टच वेगळी.